किडूकमिडूक

घर सोडून तडकाफडकी निघावं लागलं आणि तीनच वस्तू घेता आल्या, तर काय घ्याल? गप्पा रंगल्या की हा प्रश्न हटकून निघतो. कुणी आईची पैठणी म्हणतं, कुणी फोटोंचा अल्बम, एखादा प्रामाणिक माणूस फोनचा चार्जर म्हणून मोकळा होतो. मला हा खेळ आता खेळवत नाही. ज्यांच्यावर खरोखर ही वेळ आली त्या युरोपातल्या ज्यूंना 'काय घ्याल' असं कुणी विचारलंच नव्हतं. काय घ्यायचं नाही, त्याची यादी मात्र तयार होती.

डिसेंबर १९३८ पासून दुसरं महायुद्ध पेटेपर्यंत नाझींच्या तावडीतून वाचवण्यासाठी सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, आईबापांविना ब्रिटनला धाडली गेली. जर्मनीतून निघणाऱ्या मुलाजवळ एक लहान सूटकेस, खिशात १० मार्क, गळ्यात नंबराची चिठ्ठी. दागदागिना चालणार नव्हता. पोर वाढत्या अंगाचं, म्हणून कपडे दोन मापं मोठे भरावेत, की पुढच्या वर्षी आपण असूच म्हणून बेताचेच? सूटकेस भरणाऱ्या आयांनी हा हिशेब कसा केला असेल कोण जाणे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये नाझी सरकारनं हुकूम काढला की ज्यूंनी सोनं, चांदी, जडजवाहीर सरकारी गहाणखात्यांत जमा करावं. सूट होती ती लग्नाच्या अंगठीला आणि माणशी मोजक्या काट्या-चमच्यांना. दरोडेखोर हाताला लागेल ते उचलतो आणि पळतो. इथे कारकून टेबलाशी बसून लोकांच्या घरातले चमचे मोजत होता. मला त्या दरोडेखोरापेक्षा या कारकुनाची धास्ती जास्त वाटते.

पुढे पोलंडमधल्या आउशवित्झच्या नाझी छळछावणीत तर तोही चमचा राहिला नाही. कैद्याला वाडगा मिळे, चमचा मिळत नसे. पातळ सूप वाडग्याला तोंड लावून प्यायचं, जनावरासारखं. चमचा हवाच असेल तर तो पावाच्या मोबदल्यात मिळवायचा, म्हणजे उपाशी पोटातूनच किंमत मोजायची. कारखान्यात जुंपलेले कैदी पत्र्याच्या, अॅल्युमिनियमच्या तुकड्यांतून चोरून चमचे घडवत. दांड्याला घासून घासून धार आणली की त्याचीच सुरी व्हायची. असे ओबडधोबड चमचे, हातानं कापलेले कंगवे काही जणांनी सुटकेनंतरही जन्मभर सांभाळले. नव्या देशात नवा संसार मांडला, तरी हे किडूकमिडूक कुणी टाकलं नाही.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, 'चि. सौ. कां. अमुक हिस आत्याकडून'? आउशवित्झच्या संग्रहालयात सुमारे ३,८०० सूटकेसी आहेत, आणि त्यांतल्या २,१०० वर अशीच मालकांची नावं आहेत. १२,००० हून जास्त भांडीही आहेत. दुसरीकडे वसवणार आहोत असं सांगून आणलेल्या माणसांनी पातेली, किटल्या, झाकणं सोबत घेतली होती. २०१६ मध्ये तिथल्या एका एनॅमलच्या मगाचा दुसरा, खोटा तळ गंजून सुटला. आत सोन्याची अंगठी आणि साखळी निघाली. लपवणारीनं काम इतकं चोख केलं होतं की सत्तर वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

अमेरिकेतल्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयात मुठीत मावेल एवढं एक खेळण्यातलं अस्वल आहे. ल्वूव (आज युक्रेनमधलं ल्विव्ह) शहरात जन्मलेली त्याची मालकीण युद्धकाळात पोलंडमध्ये खोट्या नावानं कॅथलिक मुलगी म्हणून वाढली. आपण ज्यू आहोत हे आईनं तिला युद्धानंतर सांगितलं, तेव्हा ती चांगलीच बिथरली. १९४८ मध्ये मायलेकी इंग्लंडला गेल्या, अस्वलही गेलं. त्याचं नाव तिनं ठेवलं 'रेफ्युजी'. २००६ मध्ये मार्क पोलान्स्की या अंतराळवीरानं त्याची प्रतिकृती डिस्कव्हरी यानातून अंतराळात नेली. निर्वासिताला व्हिसा न लागलेला हा बहुधा एकच प्रवास.

आणि ती जमा केलेली चांदी? म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात तिच्यातल्या शंभराहून थोड्या जास्त वस्तू उरल्या होत्या. तिथले अभ्यासक माटियास वेनिगर वारसांचा माग काढून त्या स्वतः नेऊन देऊ लागले. इस्रायलमधल्या एका कुटुंबाला शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीदिवसाचा, छोटा पेला असाच मिळाला. (शुक्रवारी संध्याकाळी किद्दुश ही द्राक्षरसावरची प्रार्थना म्हणताना हातात धरतात तो. आपल्या कोकणातले बेने इस्रायली त्यात मनुकांचं सरबत घेतात.) बाजारात त्याला फारसं मोल नाही. पण मालक सापडले कसे, तर वस्तूंना अजून चिकटलेल्या गहाणखात्याच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांवरून. नंबर टाकायची त्या कारकुनाची खोड अशी वारसांच्या कामी आली. अर्थात जमा झालेली बहुतेक चांदी केव्हाच वितळवली गेली होती, नंबरासकट.