इस्सा कुठल्या रकान्यात?

पाली भाषेच्या संध्याकाळच्या वर्गाला सगळ्या वयाची माणसं येतात. पदविका करणारी पोरं असतात, विपश्यनेची शिबिरं करून मूळ ग्रंथाकडे वळलेले निवृत्त लोक असतात, आणि ड्युटी संपवून थेट येणाऱ्या एक नर्सबाई. त्या दिवशी ‘अभिधम्मत्थसंगहा’चा, म्हणजे बौद्ध मनोविश्लेषणाच्या सारग्रंथाचा, दुसरा परिच्छेद चालू होता. १४ अकुशल चेतसिकांचा, म्हणजे चित्ताबरोबर उठणाऱ्या वाईट वृत्तींचा, तक्ता मी फळ्यावर काढला. लोभाच्या रकान्यात लोभ, दिट्ठि (चुकीची समजूत), मान (अहंकार). द्वेषाच्या रकान्यात दोस (म्हणजे द्वेषच), इस्सा, मच्छरिय, कुक्कुच्च (केल्या-न केल्याची टोचणी).

मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, इस्सा म्हणजे जळणंच ना? मग ती लोभात हवी. कुणी आवडतं म्हणूनच तर माणूस जळतो.”

वर्गात खसखस पिकली. त्याला वर्गातली एक मुलगी आवडते आणि ती चहाला दुसऱ्याच कुणाबरोबर जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. (मास्तरांना काही कळत नाही, हा विद्यार्थ्यांचा गोड गैरसमज.)

मी ग्रंथातली बाजू मांडली. लोभातून उठणाऱ्या, लोभमूल चित्ताबरोबर सोमनस्स (मनाचा आनंद) तरी असतं नाहीतर उपेक्षा (ना सुख, ना दुःख). दोसमूल चित्ताबरोबर कायम दोमनस्स, मनाचं दुःख. म्हणून ही दोन्ही एका क्षणी एकत्र येत नाहीत. इस्सेचं आलंबन, म्हणजे ती ज्यावर टेकते तो विषय, असतं दुसऱ्याची संपत्ती, दुसऱ्याच्या वाट्याला आलेलं सुख.

“नाही पटत,” तो म्हणाला.

“मग बघ. सतिपट्ठानसुत्तात, बुद्धाच्या ध्यानावरच्या उपदेशात, चित्तानुपस्सनेची, म्हणजे स्वतःचं चित्त न्याहाळण्याची, रीत साधी आहे. चित्त सराग, म्हणजे आसक्त असेल तर सराग म्हणून ओळखायचं, सदोस, म्हणजे द्वेषाने भरलेलं असेल तर सदोस म्हणून. हाकलायचं नाही, कुरवाळायचंही नाही.”

मधली सुट्टी झाली. ती दोघं टपरीवर गेली, हा व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा राहिला. परत आला तो थेट टेबलाशी.

“सर, ती हसली तेव्हा छान वाटलं. मग त्याने तिच्या हातातला ग्लास घेतला आणि माझे कान तापले. पण गंमत म्हणजे तेव्हा ती डोक्यात नव्हतीच. नुसता तो होता. त्याचा शर्ट, त्याचं घड्याळ. ती पुन्हा आठवली तेव्हा कान निवले होते.”

अट्ठकथा, म्हणजे जुन्या टीका, वाचून जे मी वर्षानुवर्षं शिकवतो, ते या पोराने एका चहाच्या वेळात पाहिलं होतं. जळणं हे प्रेमाचं माप आहे असं आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात; याच्या मनात मात्र जळताना प्रेयसीला जागाच उरली नव्हती.

त्याला मुदिता सांगावी असं क्षणभर वाटलं, दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणारी. नाही सांगितली. तापल्या कानांवर मुदिता लादली की तिचं नाटक होतं.

नर्सबाई वहीत काही लिहीत होत्या. “आणि मच्छरिय?” त्यांनी विचारलं.

“त्याचं आलंबन आपली स्वतःची संपत्ती. ती दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये, ही घालमेल.”

“म्हणजे लग्नाआधी इस्सा, लग्नानंतर मच्छरिय,” बाई म्हणाल्या. संगहाचा इतका चोख सारांश मला कधी जमला नाही.

हशा ओसरल्यावर मुलाने हळूच विचारलं, “मग सर, तिला सांगू की नको?”

“हे नवव्या, म्हणजे शेवटच्या परिच्छेदापर्यंत कुठंच आलेलं नाही,” मी म्हणालो.

“सांग रे,” नर्सबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. “पण कान निवले असताना सांग.”