संस्कृत स्वाध्यायाची नोंद: मुख्य पुस्तक कसं निवडावं

भांडारकरांचं ‘फर्स्ट बुक ऑफ संस्कृत’ संपत आलंय आणि हितोपदेशातला ‘मित्रलाभ’ वाचायला घेतलाय. नव्याने सुरुवात करणारे बरेच जण ‘कोणतं पुस्तक घेऊ’ असं विचारतात, म्हणून ही नोंद साधनांबद्दलच.

माझं मत आता पक्कं झालंय. मराठी माणसाने मुख्य पुस्तक असं निवडावं, जे रोज संस्कृतात वाक्यं रचायला लावतं. नुसत्या वाचनावर आपली फसगत होते, कारण निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात. ‘पुत्रं जनकः पश्यति’ हे भरभर वाचलं की मुलगा वडिलांना पाहतोय असं वाटतं. खरं तर वडील मुलाला पाहताहेत. तो सगळा फरक एका अनुस्वारात आणि एका विसर्गात आहे. जर्मन किंवा जपानी विद्यार्थ्याला असा अंदाज बांधायला आधारच नसतो, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून प्रत्यय बघतो. आपल्याला ती सवय मुद्दाम लावावी लागते, आणि स्वतः वाक्य लिहिल्याशिवाय ती लागत नाही.

इथे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक अजूनही खणखणीत आहे. प्रत्येक धड्यात थोडं व्याकरण, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात करायची वाक्यं. धातूंच्या दहा गणांपैकी (म्हणजे वर्गांपैकी) 1, 4, 6 आणि 10 हे गण आधी येतात. त्यांचं अंग (प्रत्यय लागण्याआधीचं रूप) अकारान्त होत असल्याने रूपं एका वळणाची असतात आणि लगेच वाक्यं करता येतात. मी इंग्रजी वाक्य आधी मराठीत करतो. कर्ता, कर्म, करण तिथेच स्पष्ट होतात. रूपाची शंका आली तर हैदराबाद विद्यापीठाच्या ‘संसाधनी’ या संकेतस्थळावर ताडून बघतो. इंग्रजी नकोच असेल तर सातवळेकरांचा ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ हिंदीत मिळतो. त्याची चाल सौम्य आहे.

कानासाठी संस्कृत भारती या संस्थेचं दहा दिवसांचं संभाषण शिबिर जरूर करा. भीड चेपते, उच्चार सुधारतात. मात्र तिथली रचना जाणून घ्या. बोलणं सोपं व्हावं म्हणून ‘त्वम्’ऐवजी ‘भवान्’, ‘भवती’ वापरतात, म्हणजे क्रियापद संस्कृतातल्या प्रथमपुरुषातच (मराठीतला तृतीय पुरुष) राहतं. भूतकाळासाठी ‘अगच्छत्’ऐवजी बहुधा ‘गतवान्’, ‘गतवती’ येतं. हे उत्तम संस्कृत आहे, पण गोष्टी वाचताना लङ् लकार (‘अगच्छत्’सारखी भूतकाळाची रूपं) पावलोपावली भेटतो, तो वेगळा करावाच लागतो. आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या 1974 पासून चालू आहेत. रोज पाच मिनिटं ऐकायला त्या फार छान.

कोशाची घाई करू नका. ‘अगच्छत्’ शोधायचं तर ‘गम्’पर्यंत आपणच पोचायचं असतं, म्हणून लट् (वर्तमानकाळ), लङ्, लोट् (आज्ञार्थ), विधिलिङ् (विध्यर्थ) हाताशी आल्यावरच कोश खरा उपयोगी पडतो. वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा कोश आणि मोनिअर-विल्यम्सचा 1899 चा, दोन्ही कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. काव्य-नाटकं आणि कथा वाचायच्या असतील तर आधी आपटे उघडावा. अर्थांची मांडणी आणि साहित्यातली उदाहरणं यामुळे नेमका अर्थ पटकन सापडतो. वैदिक शब्दांसाठी मोनिअर-विल्यम्स.

हितोपदेश वाचताना आधी फक्त गद्य घेतो. प्रत्येक वाक्याचा संधी वहीत सोडवतो, क्रियापदाखाली रेघ मारतो, मग कर्ता शोधतो. श्लोक दुसऱ्या फेरीत, अन्वय लावून (म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडून). मो. रा. काळ्यांच्या आवृत्तीत टिपा आहेत, पण त्या स्वतःचा अर्थ लिहून झाल्यावरच बघतो.

पुढे भांडारकरांचं ‘सेकंड बुक’ घेणार आहे. उरलेले गण आणि लिट्, लुङ् हे भूतकाळाचे आणखी दोन लकार तिथे आहेत. ते चालू असताना हितोपदेशातली एकेक गोष्ट माझ्या साध्या संस्कृतात पुन्हा लिहून काढायची, असं ठरवलंय.