घराण्याची गाडी

धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या जवळपास एका पेट्रोल पंपावर, एमव्ही अगुस्ता कंपनीची एफ३ ८०० ही मोटारसायकल उभी होती आणि तिच्याभोवती माणसे जमली होती. इंजिन बंद होते, पण आतला पंखा चालूच होता, आणि तो फेकत असलेली गरम हवा वैशाखाच्या उन्हातही पोटऱ्यांना वेगळी जाणवत होती. मागचे चाक एकाच बाजूने धरलेले, आणि त्याच्या पुढे, उजव्या अंगाला, सायलेन्सरची तीन तोंडे एकावर एक रचलेली. डोक्याला उपरणे गुंडाळलेल्या एका बाबांनी सगळे निरखून झाल्यावर चालवणाऱ्याला विचारले, "भाऊ, कितलं ॲव्हरेज देस?" त्याने सांगितलेला आकडा बाबांना फारसा पटला नसावा, कारण ते काही न बोलता आपल्या गाडीकडे वळले. आपल्याकडे शंभर सीसीची गाडी जेमतेम आठ अश्वशक्तीवर दोन माणसे आणि खताची गोणी नेते. ही ७९८ सीसीची गाडी १४८ अश्वशक्ती देते, तीही इंजिनाचे फेरे मिनिटाला १३,००० झाल्यावर, आणि नेते बहुधा एकट्यालाच.

अशा गाडीच्या किमतीत घराण्याचे मोल धरलेले असते. म्हणून ते घराणे नेमके कोणते, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

अगुस्ता हे मूळचे विमाने बांधणारे इटालियन कुटुंब. जोव्हान्नी अगुस्ता यांनी १९२३ मध्ये कारखाना काढला, १९२७ मध्ये ते वारले आणि कारभार त्यांच्या पत्नी व मुलगा दोमेनिको यांच्यावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विमाने बांधण्यावर बंदी आली, तेव्हा कारागिरांच्या हाताला काम राहावे म्हणून १९४५ मध्ये मोटारसायकलींची शाखा उघडली गेली. नावातला 'एम' म्हणजे मेक्कानिका, अर्थात यंत्रकाम, आणि 'व्ही' म्हणजे वेरगेरा हे गाव. पहिली गाडी अवघी ९८ सीसीची होती, आणि तिला 'व्हेस्पा' म्हणायचे घाटत होते. पण ते नाव पियाज्जिओ या दुसऱ्या इटालियन कंपनीने आधीच घेतले होते. पियाज्जिओही विमानवालेच, हे विशेष. त्यांच्याच एका मोपेडच्या आराखड्यावरून १९७२ पासून कायनेटिकची लुना बनू लागली, जिच्यावर खानदेशातल्या कितीतरी मास्तरांनी आणि दूधवाल्यांनी उमर काढली. आणि २०१६ मध्ये एमव्ही अगुस्ताच्या गाड्या भारतात आणल्या त्याही कायनेटिक समूहानेच. इतकी लांबची सोयरीक अशा रीतीने एकाच दारात येऊन मिळाली.

शर्यतींचा इतिहास मात्र थक्क करणारा आहे. ५०० सीसी गटाचे विश्वविजेतेपद १९५८ ते १९७४ अशी सलग १७ वर्षे याच कंपनीच्या स्वाराकडे राहिले. सर्टीज, हॉकिंग, हेलवूड, अगोस्तिनी, रीड अशी माणसे बदलत गेली, गाडीचे घराणे बदलले नाही. एकट्या जाकोमो अगोस्तिनी यांनी १९६६ ते १९७२ अशी लागोपाठ सात वर्षे ही गादी सांभाळली. त्यांतल्या पहिल्या दोन वर्षी समोर होंडावर बसलेले हेलवूड होते, त्यामुळे तो काही रिकाम्या मैदानातला विजय नव्हता.

पुढे काउंट दोमेनिको १९७१ मध्ये वारले, दशक संपता संपता मोटारसायकलींचे उत्पादन थांबले, आणि अगुस्ता हे नाव हेलिकॉप्टरांपुरते उरले. मोटारसायकलीचे नाव नव्वदच्या दशकाच्या आरंभी कास्तिल्योनी बंधूंच्या काजिवा कंपनीने विकत घेतले; नंतर २००८ मध्ये ते हार्ले-डेव्हिडसनकडे गेले आणि २०१० मध्ये परत कास्तिल्योनींकडे आले. म्हणजे एफ३ बांधणाऱ्यांचे अगुस्ता कुटुंबाशी रक्ताचे नाते नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस जनावराचे आईबाप विचारतो खरा, परंतु त्यानंतर स्वतः वाकून खूर उचलतो, अंगावरचे भोवरे पाहतो आणि मगच पैशांचे बोलणे काढतो. तशीच तपासणी येथेही करायला हवी.

ती केली, तर हाती लागते ते इंजिन. अगोस्तिनींच्या काळात कंपनीने जुने जड चार सिलिंडरचे इंजिन बाजूला सारून तीन सिलिंडरचे हलके व अरुंद इंजिन आणले, आणि एफ३ मध्येही तीनच सिलिंडर आहेत. कारण तेच, गाडी मांड्यांमध्ये बारीक राहावी. त्यात नव्यांनी स्वतःची भर घातली आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या खालीवर होण्याने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, चाकांच्याच दिशेने फिरतो आणि फिरत्या चाकांचा जो आडमुठेपणा वळणावर गाडीला कलू देत नाही, त्यात आणखी भर टाकतो. एफ३ चा क्रँकशाफ्ट उलट फिरतो, त्यामुळे त्या अडेलपणाचा काही भाग कापला जातो आणि गाडी वळणात सहज झुकते. शर्यतीच्या गाड्यांमधली ही युक्ती रस्त्यावरच्या गाडीत आणायला जास्तीचे दातेरी चक्र आणि थोड्या शक्तीचा तोटा सोसावा लागतो. तो त्यांनी सोसला. पारोळ्याच्या सरळसोट रस्त्यावर याचा उपयोग शून्य, हेही खरे. किमतीतला या क्रँकशाफ्टचा वाटा मी बिनतक्रार मान्य करीन; १७ वर्षांच्या करंडकांच्या नावाने जी रक्कम वर लावली जाते, तिच्यावर मात्र घासाघीस व्हायला हवी.