तीनपर्यंत मोजायचं होतं

मंगळवार

मातीचे सहा गोळे घेतले, चाकावरून धड उतरले तीनच. माती मधोमध आणायची म्हणजे कोपर मांडीला घट्ट टेकवायचं, एका तळव्याने बाजूने रेटायचं, दुसऱ्याने वरून दाबायचं आणि मग अजिबात हलायचं नाही. मी हलते. मातीमुळे माझा हात थरथरतो की हातामुळे माती, हे कळेपर्यंत कड वेडीवाकडी झालेली असते.

उतरलेल्यांतला सगळ्यात देखणा वाडगा बाईंनी तारेने उभा कापला. पोटात धस्स झालं. मग कापलेली बाजू पाहिली: वर भिंत नखाएवढी पातळ, खाली चांगली बोटभर जाड. बाहेरून काही पत्ता लागत नव्हता. "वर येतेस, पण खालची माती तिथेच ठेवून येतेस," एवढंच म्हणाल्या. गेला महिनाभर त्या हेच सांगतायत, पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार

उरलेले दोन पेले आता चामड्यासारखे झालेत, म्हणजे आकार धरून आहेत पण नख रुततं. पालथे घालून तळ कोरले. एकाचं अगदी थोडक्यात भोक पडायचं राहिलं. मोजून ठेवलेत, दोघांची उंची १० सेंटिमीटर. ही माती वाळून, पूर्ण भाजून होईपर्यंत दहा-बारा टक्के आकसते म्हणे.

तीन आठवड्यांनी, सोमवार

पहिली भाजणी साधारण १००० अंशांवर झाली. पेले आता पाण्यात टाकले तरी विरघळणार नाहीत, पण पाणी मात्र अधाशासारखं पितात. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर चकचकीत होणारी पाण्यात कालवलेली पूड, चढतं ते त्यामुळेच: भांडं पाणी शोषून घेतं आणि पूड वर साय धरल्यासारखी बसते. जितका वेळ बुडवाल तितका थर जाड.

बादलीतलं ग्लेझ फिकट जांभळट-गुलाबी. भाजल्यावर निळं होणार, कारण त्यात कोबाल्ट कार्बोनेट आहे. डोळ्यांना एक दिसतंय आणि मनात दुसरं धरायचं, हे मला अजून जमत नाही.

तळाला ग्लेझ धरू नये म्हणून मेण लावलं, आतून ग्लेझ फिरवून ओतून टाकलं, मग बाहेरून बुडवायचं. तीन अंक मोजायचे, बाहेर काढायचं. पहिल्या पेल्यावर अंगठ्याची जागा कोरी राहिली, ती ब्रशने भरायची विसरलेच. दुसरा बाहेर काढला तर थर उगाच विरळ वाटला. बाई पलीकडे होत्या. विचारायचं सोडून मी तो पुन्हा बुडवला.

शनिवार

भट्टी १२२० अंशांच्या आसपास जाऊन आली. नंतर पूर्ण निवेपर्यंत झाकण उघडायचं नाही, त्यातच एक अख्खा दिवस गेला.

दुसरा पेला भट्टीतल्या फळीला चिकटलेला. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच. काचेचं मूळ द्रव्य सिलिका, ती नुसती वितळवायला १७०० अंश लागतात, म्हणून तिला लवकर वितळवणारी द्रव्यं घालतात. ती पार पाण्यासारखी वाहू नये म्हणून ॲल्युमिना असतं, ते चिकणमातीतून येतं. पण दुप्पट थर दिल्यावर बिचारं ॲल्युमिना तरी किती धरून ठेवणार? अंगावरून निळा ओघळ उतरून मेण लावलेल्या तळाच्याही पलीकडे गेला होता. फळीवर पांढरा लेप होता म्हणून छिन्नीच्या दोन ठोक्यांत सुटला, पण बुडाचा टवका तिथेच राहिला. फळी घासायचं काम अर्थातच माझं. पाऊण तास.

पहिला मात्र नीट निघाला. उंची ९ सेंटिमीटरच्या जराशी खाली. गडद निळा, आणि बाजूला अंगठ्याएवढा तपकिरी, खरखरीत डाग. तिथे नुसती माती दिसते. माझा अंगठा त्यात आता बसत नाही.

रात्री पाणी भरून तो कागदावर ठेवला. सकाळी उचलून पाहिलं, कागद कोरडा.