तुम्ही विचारलंत म्हणून: शेतात एवढे धान्य असताना माळावरचे पक्षी का घटतात?

युरोप आणि मध्य आशियातील स्टेप, म्हणजे झाडांविना मैलोन्‌मैल पसरलेले गवताळ माळ, आणि तिथले पक्षी हा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘माळ नांगरून गहू पेरला, तर पक्ष्यांचे अन्न वाढायलाच हवे, मग ते कमी का होतात?’ प्रश्न रास्त आहे, आणि शेतीला सरसकट दोषी ठरवून त्याचे उत्तर देता येत नाही. माळढोकाच्या कुळातला ग्रेट बस्टर्ड घ्या. जगातील निम्म्याहून अधिक ग्रेट बस्टर्ड आज स्पेनमध्ये, मुख्यतः गहू आणि सातूच्या कोरडवाहू शेतांत राहतात. त्यांना थारा शेतीनेच दिला आहे.

म्हणून शेतात काय आहे एवढेच न पाहता, ते कोणाला आणि कोणत्या दिवसांत खाता येते हे पाहावे लागते. प्रौढ ग्रेट बस्टर्ड बराच काळ पाल्यावर जगतो. लसूणघासाची कोवळी पाने हिवाळ्यात त्याला तारतात. पिल्लाला मात्र पहिले काही आठवडे कीटकच लागतात. मादी थबकत थबकत चालते, एखादा नाकतोडा किंवा भुंगेरा टिपते, मान खाली करून चोच पुढे धरते, आणि मागून धावत आलेले पिल्लू तो तिच्या चोचीतून ओढून घेते. दिवसभर हेच चालू असते. तणनाशकाने रानफुले गेलेली असतात, त्यांच्यावर वाढणारे किडे गेलेले असतात आणि उरलेसुरले फवारणीत मेलेले असतात, अशा दाट गव्हात ती तितकीच चालते, पण पिल्लाच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

भाट तितरांची पिल्ले याला अपवाद आहेत, कारण ती सुरुवातीपासून बिया टिपतात. (त्यांचा बाप पोटाची पिसे पाणवठ्यावर भिजवून त्यांच्यासाठी पाणी आणतो, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) पण त्यांनाही हव्या असतात त्या रानटी रोपट्यांच्या बारीक बिया, आणि त्या मिळतात पडीक तुकड्यांत. एक वर्ष पीक, मग एक-दोन वर्षे पड आणि त्यावर मेंढ्यांची चराई, ही जुनी फेरपालट या पक्ष्यांना मानवली होती. युरोपीय संघाने १९९२ मध्ये काही जमीन पडीक ठेवणे मोठ्या धान्य-उत्पादकांना बंधनकारक केले, ते धान्याचे अतिरिक्त उत्पादन आवरण्यासाठी; पक्ष्यांना त्याचा आयता लाभ झाला आणि २००८ मध्ये ती अट उठल्यावर तो आधारही सुटला.

कापणीचे दुखणे वेगळे आहे. लिटल बस्टर्डची मादी लसूणघासात जमिनीवरच अंडी घालते आणि जवळपास तीन आठवडे उबवते. दोन कापण्यांमधला अवधी तिला पुरत नाही, आणि धोका आला तरी ती उडून न जाता अंगाचा मुटका करून बसून राहते. यंत्राच्या पात्यापुढे हीच सवय तिच्या जिवावर बेतते. पश्चिम फ्रान्सच्या शेतजमिनीतून हा पक्षी काही दशकांत ९० टक्क्यांहून अधिक घटला. तिथे शेतकऱ्यांना मोबदला देऊन कापणी लांबवली आणि फवारणी थांबवली, तेव्हा नाकतोडे वाढले आणि पिल्ले जगू लागली.

‘मग जमीन सोडूनच द्यावी का?’ हा पुढचा प्रश्न. कझाकस्तानात १९५४ पासून काही वर्षांत सुमारे २.५ कोटी हेक्टर स्टेप नांगरली गेली, आणि १९९१ नंतर तिच्यातली बरीच जमीन पुन्हा ओस पडली. अनेक चंडोलांना ते मानवले. सोशिएबल लॅपविंग ही दुर्मीळ टिटवी मात्र गावांजवळ, गुराढोरांनी खुरटे केलेल्या गवतात घरटे करते. तिला माणसांची वस्ती आणि त्यांची जनावरे हवी असतात.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती सिंचनाखालील ऑलिव्ह आणि बदामाच्या बागांची. गव्हाचे शेत पुढच्या वर्षी पड ठेवता येते. बाग एकदा लावली की दशकानुदशके हटत नाही, आणि दूरवर नजर पोचल्याशिवाय निर्धास्त न होणारा बस्टर्ड तिच्यात पाऊल टाकत नाही. पोर्तुगालमधील कास्त्रो व्हेर्दे परिसरात धान्य आणि पड यांची फेरपालट टिकवणाऱ्या शेतकऱ्यांना अर्थसाहाय्य दिले जाते. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर आहे ते तिथल्या शेतांत पाहायला मिळते: एका बाजूला गव्हाची धसकटे, दुसऱ्या बाजूला मेंढ्यांनी चरलेली पड, आणि दोन्हींत आळीपाळीने चरणारे बस्टर्ड.