आमची वाटचाल : आत्ताचं मटण आणि कालचं मटण

आजोबांनी पुण्यात मटणाचं दुकान टाकलं, आप्पांनी ते वाढवलं आणि २०१६ पासून ते मी सांभाळतो. तिन्ही पिढ्यांनी गिऱ्हाइकाकडून एकच वाक्य ऐकलंय, "आत्ता कापलेलं द्या." हाताला कोमट लागेल तेच ताजं, असा सगळ्यांचा समज. रश्श्यासाठी ते चालून जातं, कारण कुकरच्या चार शिट्ट्या जास्त केल्या की काम होतं.

लॉकडाऊननंतर गच्चीवर शेगडी पेटवणारे लोक येऊ लागले. कुणी मटण धुरावर शिजवायला पत्र्याच्या पिंपाचा स्मोकर करून घेतलेला. त्यांना रश्श्याचे तुकडे नको होते. अख्खा फरा (म्हणजे पुढच्या पायाचा खांदा), अख्खी मांडी, जाडसर चाप हवे होते. घरीच हौसेने एवढं करणारी माणसं बघून मलाही हुरूप आला. मी नवा डीप फ्रीजर घेतला आणि कोवळ्या बोकडाचे चाप कापल्या कापल्या त्यात ठेवायला लागलो. स्वच्छता राहील, ताजेपणा टिकेल, असा हिशोब.

पहिल्याच मोठ्या ऑर्डरला तोंडघशी पडलो. बारा माणसांचा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दादा एक भाजलेला चाप डब्यात घालून दुकानात आले. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्हीच खाऊन बघा." वरून रंग सुरेख होता. आप्पांनी अंगठ्याने दाबला, तर तो रबरासारखा परत वर आला. जनावर म्हातारं असेल म्हणावं, तर ते मी स्वतः दात बघून घेतलेलं, दुधाचे दातही पडले नव्हते. मी पैसे परत दिले, पण रात्री झोप लागली नाही.

माझा मावसभाऊ पशुवैद्य आहे. त्याने उलगडून सांगितलं. जनावर कापल्यावर काही तासांनी मांस ताठरतं आणि मग हळूहळू सैलावतं. ते ताठरायच्या आधीच कडक थंडीत टाकलं तर स्नायू आखडतात, आणि तसे आखडलेले चाप आचेवर कितीही भाजले तरी चिवटच राहतात. बोकडाचं धड लहान, अंगावर चरबी कमी, त्यामुळे ते झपाट्याने गार होतं. त्याने एक नियम दिला, पहिल्या १० तासांत मांस १० अंशांखाली जाऊ द्यायचं नाही.

मग कर्ज काढून टांगायची छोटी खोली केली. धड आधी १५ अंशांच्या आसपास टांगतो, रात्री २ ते ४ अंशांवर नेतो, आणि शेगडीचं मटण दुसऱ्या दिवशीच कापतो. पहिल्यांदा तसा चाप घरी भाजला तेव्हा आई म्हणाली, पपई लावली होतीस का? काहीच लावलं नव्हतं, नुसतं मीठ, तेही आदल्या रात्री.

कापणंही नव्याने शिकलो. दोन बरगड्या जोडून, दोन बोटं जाड चाप, म्हणजे आतून कोरडा पडत नाही. धुराला मात्र मी फराच सुचवतो. त्यात चिवट पडदे भरपूर असतात, पण ११० ते १२० अंशांच्या मंद धुरात पाच-सहा तास गेले की तेच विरघळून मांसाला ओलावा देतात. मांडीत चरबी कमी, तिला तेवढा वेळ सोसत नाही. चरबीच्या दृष्टीने बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचं मटण आणखी सरस. ते घेणारी बरीच घरं बोकडाचं खात नाहीत, म्हणून दोन्हींचे सुरे आणि ओंडके आम्ही वेगळे ठेवतो. यात हयगय झालेली मला खपत नाही. लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं घ्या, पूर्ण वाळलेलं. रंग दिलेलं फर्निचरचं लाकूड कधीही जाळू नका.

आप्पा आता रविवारी गल्ल्यावर बसतात. परवा एका ताईंनी नेहमीसारखे आत्ता कापलेले चाप मागितले. आप्पांनी विचारलं, "रस्सा करणार की भाजणार?" भाजायचेत म्हटल्यावर त्यांनी स्वतः उठून कालचे काढून दिले.

गटारीच्या आठवड्यात टांगायला जागा पुरत नाही, तेव्हा अख्खा फरा हवा असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवा.