आमची वाटचाल : दापोलीतून घरोघरी

घरी जाऊन रुग्णसेवा देण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात रुग्णांचं साहित्य भाड्याने देण्यापासून झाली. फाउलर कॉट (डोक्याकडची बाजू वर करता येणारी रुग्णाची खाट), व्हीलचेअर, कमोडची खुर्ची. कॉट पोचवायला गेलं की घरचे विचारायचे, "आता ह्यांना कुशीवर वळवायचं कसं?" मुलगा-सून मुंबईत, घरी दोघं म्हातारी, त्यातलं एक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेलं. माझी बायको जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. ती कॉटबरोबर जायला लागली आणि धंद्याचं रूपच पालटलं.

मुंबईहून फोन येतो तो "चोवीस तासांची नर्स हवी" असाच. बहुतेकदा नर्स लागत नाही. अंघोळ, भरवणं, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं हे सेविकेचं काम. इंजेक्शन, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग याला मात्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली एएनएम (त्याहून लहान अभ्यासक्रम केलेली नर्स) किंवा जीएनएमच हवी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. नाकातून नळी सेविका घालणार नाही. हा नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही. शिवाय चोवीस तासांची सेविका म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे, तिलाही झोप लागते. हे फोनवर पटत नाही, म्हणून दर ठरवण्याआधी घरी जाऊन बघतो.

घर बघणं तर रुग्ण बघण्याइतकंच महत्त्वाचं. आमच्याकडे संडास परसात, ओट्याला पायऱ्या, माजघराला उंबरठा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना वॉकर दिला तरी त्या उंबरठ्याशी अडणार. मग कॉट पडवीत येते. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून जायच्या घरी ती सुटी करून डोक्यावरून न्यावी लागते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथली कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, विजेवर चालतो. तेव्हापासून ऑक्सिजनचा भरलेला सिलेंडर सोबत घेतल्याशिवाय तो आम्ही देत नाही, भाडं वाढलं तरी.

गौरी-गणपतीत सेविकांना सुट्टी हवी असते, त्यांच्याही घरी गणपती असतो. पण नेमके तेव्हाच चाकरमानी गावी आलेले असतात. म्हणून चतुर्थीच्या आधी आम्ही मुलालाच शिकवतो: जेवण भरवताना पाठ उंच ठेवायची, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, माकडहाडापाशी लाली (पडून राहून होणाऱ्या जखमेची खूण) दिसली तर बोटाने दाबून बघायची, दाबूनही लाली गेली नाही तर ताबडतोब आम्हाला फोन. आरती चालू असली तरी.